एक नदी, दोन गळ

नवराबायकोने जोडीने मासे धरावयास जाणे, हा विषय या सदरात पाहून आमच्या पुष्कळ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. आमचे सारस्वत वाचक मात्र गालातल्या गालात हसतील आणि 'शेवटी आलात ना वळणावर!' असे म्हणतील. उभयतांस आमची विनंती एवढीच की, पान उलटण्याची घाई करू नये. या लेखात कालवणाची कृती नाही. गळाने मासे धरण्याचा एक प्रकार पाश्चात्त्य देशांत आहे. त्यात कित्येक जोडपी सबंध दिवस नदीत उभी राहून घालवतात आणि संध्याकाळी पुष्कळदा रिकाम्या हाताने, पण प्रसन्न चित्ताने घरी परततात. रिकाम्या हाताने परतूनही ज्यांचा दिवस फुकट गेला असे होत नाही, त्यांच्यापाशी संसाराविषयी शिकण्याजोगे काही असलेच पाहिजे. हिंसेचा प्रश्न यात आहे. तो आम्ही टाळणार नाही, यथाक्रम घेऊ.

ज्या माशासाठी हा खटाटोप, त्याची ओळख प्रथम करून घेणे बरे. ट्राउट हा थंड, निर्मळ आणि वाहत्या पाण्याचा रहिवासी. पाण्याची उष्णता २१ अंश सेल्सिअसच्या वर चढू लागली की, त्याचा जीव कासावीस होतो. म्हणून आमच्या कृष्णा-गोदावरीत तो नांदत नाही. प्रवाहाकडे तोंड करून, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला, तो एका जागी स्थिर राहतो आणि पाणी जे किडेमाकोडे वाहून आणील त्यांतले निवडून खातो. त्यास भुलविण्यासाठी बारीकशा गळावर रेशमी धागा, पिसे आणि लव गुंडाळून माशीची प्रतिकृती करतात. ही माशी इतकी हलकी की, हाताने फेकली तर पुढ्यातच पडावी. म्हणून येथे वजन असते ते दोरीला. लवचीक काठीने ती दोरी एकदा मागे, एकदा पुढे अशी हवेत झुलवावयाची, मागे ती पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबावयाचे, आणि मग पुढे सोडून द्यावयाची. दोरीच्या टोकाच्या जवळजवळ अदृश्य तंतूला बांधलेली माशी तिच्यामागून जाते आणि शेवरीचा कापूस पडावा तशी पाण्यावर उतरते. उतरल्यावरही काम संपत नाही. माशी प्रवाहाच्याच गतीने वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचित जरी ओढ दिली, तरी ट्राउट तिचे कपट ओळखतो.

यावरून एक गोष्ट सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. या विद्येत दंडाच्या बळाचे काम फार थोडे. काम आहे ते डोळ्यांचे, मनगटाचे आणि थांबण्याचे. नवशिके पुरुष जोर करतात आणि दोरी डोक्याभोवती गुंतवून घेतात. या विषयावरील इंग्रजीतला सर्वांत जुना छापील ग्रंथ १४९६ सालचा. तो परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर मोडतो. त्याविषयी विद्वानांत शंका आहेत. पण अशा ग्रंथाचे कर्तृत्व एका स्त्रीकडे जावे आणि लोकांनी ते शतकानुशतके मान्य करावे, हेही काही कमी नाही.

अमेरिकेत या विद्येचे माहेरघर म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या वायव्येचा कॅट्सकिल नावाचा डोंगराळ मुलूख. तेथे रॉस्को या लहानशा गावी बीव्हरकिल आणि विलोविमॉक या दोन नद्यांचा संगम आहे. थिओडोर गॉर्डन नावाच्या एका एकांतप्रिय गृहस्थाने याच मुलखात राहून माशा बांधण्याचे शास्त्र अमेरिकेतील अवखळ नद्यांना साजेसे करून घेतले. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रज तज्ज्ञाने १८९० साली त्यास नमुन्याच्या माशा पाठविल्या होत्या. पण त्या इंग्लंडच्या संथ पाण्याच्या. गॉर्डनने त्यांवरून स्वतःची रीत काढली. तो १९१५ साली वारला. त्याच्यापासून शिकलेल्या रॉय स्टीनरॉड याने १९१६ साली बांधलेली 'हेंड्रिक्सन' नावाची माशी आजही तेथल्या प्रत्येकाच्या डबीत सापडते.

आता ज्यांच्यासाठी हा प्रपंच केला, त्या जोडप्याकडे वळू. वॉल्ट आणि विनी डेट हे रॉस्कोचे पतिपत्नी. १९२८ साली माशा बांधून विकण्याचा धंदा करावा असे त्यांनी मनात आणले. पण ही कला जाणणारे लोक ती सहसा दुसऱ्यास दाखवीत नसत. तेव्हा या दोघांनी रूब क्रॉसने बांधलेल्या माशा विकत आणल्या आणि घरी बसून एकेक माशी वेढ्यावेढ्याने उलगडली. कोणता धागा आधी, पीस कोणत्या बाजूने, वेढे किती, हे सारे उलगडता उलगडता टिपून घेतले, आणि मग त्याच क्रमाने उलट बांधावयास आरंभ केला. पुढे आयुष्यभर दोघांनी हेच काम शेजारी शेजारी बसून केले; मुलगी मेरी हिनेही तेच पुढे चालविले. त्यांच्याच हाताखाली काम करावयास आलेली एल्सी आणि त्यांचा भागीदार हॅरी डार्बी यांचेही लग्न जमले, आणि रॉस्कोत माशा बांधणारे दुसरे दांपत्य उभे राहिले.

डेट दांपत्याच्या या आरंभात आम्हांस एक मर्म दिसते. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा गुरू नव्हता. जे दोघांनाही येत नव्हते ते दोघांनी मिळून उलगडले. आमच्या घरांतून नवरा जेव्हा बायकोस काही शिकवू लागतो, मग ते सायकल असो की इंग्रजी, तेव्हा पहिल्या आठवड्यात शिकवणी आणि दुसऱ्या आठवड्यात रुसवा, असा क्रम बहुधा ठरलेला असतो. बायको नवऱ्यास पोळी लाटावयास शिकवू लागली तरी फळ निराळे नसते. ज्ञानाचा उंचसखलपणा संसारात फार जड जातो. दोघेही एकाच पायरीवर बसलेले असले की, चूक ही कोणा एकाची राहत नाही. ती केवळ एक सोडवावयाची गाठ होते.

आता एप्रिलच्या अखेरीचा एखादा दिवस घ्या आणि रॉस्कोला आलेले कोणतेही एक जोडपे डोळ्यांपुढे आणा. पहिली गोष्ट परवान्याची. सोळा वर्षांवरील प्रत्येकास तेथे स्वतःचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. नवऱ्याच्या परवान्यात बायकोचा समावेश होत नाही. कायद्याच्या दृष्टीने नदीवर जाणारी ती दोन माणसे, एक कुटुंब नव्हे. हे ऐकून आमच्या कित्येक वाचकभगिनींना त्या कायद्याविषयी आदर वाटू लागेल.

सकाळी घाई नसते. डोंगरावर झाडांना नुकती कोवळी पालवी फुटत असते आणि पाणी अजून इतके थंड की, माशांची भूक जागी झालेली नसते. छातीपर्यंत येणारे रबरी पोशाख चढवून दोघे पाण्यात उतरतात. ओढीचे पात्र ओलांडावयाचे झाल्यास एकमेकांचे दंड घट्ट धरावयाचे. अधिक बळकट असेल त्याने प्रवाहाच्या वरच्या अंगास राहावयाचे, आणि एका वेळी एकानेच पाऊल उचलावयाचे. एकाचा पाय उचललेला असताना दुसऱ्याचे दोन्ही पाय तळाशी रोवलेले हवेत. सप्तपदीत सात पावले जोडीने टाकावयाची असतात. पण निसरड्या धोंड्यांवर हाच नियम खरा.

पैलतीरी पोहोचल्यावर मात्र दोघांनी वेगळे व्हावयाचे. एकाने वरच्या वळणावर उभे राहावयाचे, दुसऱ्याने खालच्या. एकाच डोहात दोन दोऱ्या फिरू लागल्या तर त्या गुंततात आणि मासेही बुजतात. म्हणून दुसऱ्याच्या पाण्यात पाय न घालणे हा या विद्येतील पहिला शिष्टाचार होय. मधे साठसत्तर पावलांचे अंतर आणि पाण्याचा आवाज, बोलणे अशक्य. तरीही वरच्या वळणावरचा माणूस अधूनमधून मान वळवून पाहतो, आणि खाली काठी झुलताना दिसली की पुन्हा आपल्या कामाला लागतो. दिवसभर न बोलता एकत्र राहावयाचे आणि त्या मौनात राग नसावयाचा, हा अनुभव किती संसारांत येत असेल?

कधी एखादा हट्टी मासा दोरीस दाद देत नाही. मग एक जण काठावर चढतो. पाण्यात उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवर पृष्ठभागाची चकाकी येते. उंचावरून मात्र तळ दिसतो. काठावरचा हाताने खूण करतो, 'आणखी दोन हात डावीकडे, जरा वर'. आणि पाण्यातला तसे करतो. येथेही शर्त अशी की, सांगणाऱ्याने काठी हिसकावून घ्यावयाची नाही.

दुपारी फराळ होतो आणि दोनच्या सुमारास, पाणी दहा अंशांच्या वर आले म्हणजे, ज्यासाठी सारे आलेले असतात तो चमत्कार घडू लागतो. मेफ्लाय नावाचा नाजूक कीटक सुमारे वर्षभर नदीच्या तळाशी धोंड्यांखाली काढतो आणि अशा एखाद्या दुपारी हजारोंच्या संख्येने वर येतो. पृष्ठभागावर जुने कवच टाकून, नवे पंख वाळवीत, शिडाच्या होडक्यासारखा तो काही अंतर वाहत जातो. ट्राउट एकामागून एक वर येऊन त्यास टिपू लागतात आणि इतका वेळ निर्जीव वाटलेली नदी जागोजाग वर्तुळांनी भरून जाते. या कीटकाची मादी फिकट, गुलाबी झाक असलेली. नर अधिक गडद, तांबूस. दोहोंसाठी माशाही वेगळ्या. स्टीनरॉडची हेंड्रिक्सन मादीच्या वर्णाची; नरासाठी आर्ट फ्लिक याने कोंबड्याच्या तांबूस पिसाचा देठ गुंडाळून 'रेड क्विल' रूढ केली. याच फ्लिकने तीन वर्षे नदीवरचे किडे गोळा करून १९४७ साली त्यांवर एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. जोडप्यातील एकाने एक माशी लावावी, दुसऱ्याने दुसरी, आणि आज नदीच्या मनात काय आहे ते संध्याकाळी पडताळून पाहावे, अशी गंमत चालते.

पंख फुटलेल्या या कीटकास खावयास तोंडच उरलेले नसते. एकदोन दिवसांत तो पुन्हा एकदा कात टाकतो, तिन्हीसांजेस पाण्यावर थव्याने नाचतो, मादी अंडी घालते, आणि तो जीव पंख पसरून प्रवाहावर पडतो. वर्षभराच्या आयुष्यापैकी पंखांचे दिवस दोन. ते पाहत उभे असलेल्या दोन माणसांना कोणी वैराग्याचे व्याख्यान देण्याची गरज नसते. अंधार पडला की, ते काठ्या उकलतात आणि घरी जाताना मग तोंडे सुटतात. कारण दोघांपाशी सांगण्याजोगे वेगवेगळे असते. दिवसभर हातात हात घालून फिरलेल्या जोडप्याने एकमेकांस काय सांगावे? दोघांनी पाहिलेले एकच!

आता हिंसेचा प्रश्न. बीव्हरकिल आणि विलोविमॉक यांच्या काही भागांत धरलेला प्रत्येक मासा परत सोडलाच पाहिजे असा नियम आहे. गळाचा उलटा काटा घासून टाकतात, माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर निघू नये म्हणून हात आधी ओले करतात, आणि त्यास प्रवाहाकडे तोंड करून दम येईपर्यंत धरून ठेवतात. हे सर्व करुणेचे लक्षण खरे. तथापि २००३ साली ब्रिटनमधील संशोधकांनी ट्राउटच्या डोक्यात वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले आहे. तेव्हा सोडून दिला म्हणून दुखले नाही, असे म्हणता येत नाही. ज्यास मासा खावयाचा आहे त्याने तो धरला, तर त्यास निदान भुकेचा आधार आहे. ज्यास तो खावयाचा नाही, त्याने केवळ करमणुकीसाठी त्याच्या जबड्यात गळ अडकवावा, हे आमच्या मनास पटत नाही. या बाबतीत आमचे सारस्वत बंधू त्या सोडून देणाऱ्या साहेबांपेक्षा अधिक सरळ, असेच आम्ही म्हणू.

हा विनोद आपल्याकडे परका आहे, असेही कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरणच आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, गळ आणि दोरी यांचे वर्णन केले आहे. आणि त्याच आपल्या प्रांतात महाड तालुक्यातील वाळण कोंडीत महसीर मासे देवीचे म्हणून राखले जातात. लोक त्यांस चुरमुरे घालतात, गळ घालीत नाहीत. दोन्ही परंपरा आपल्याच. आमचे मन कोणत्या बाजूस झुकते, हे सांगावयास नको.

मात्र दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात कातडी कमाविण्यासाठी लागणाऱ्या सालीपायी कॅट्सकिलमधील हेमलॉकची अरण्ये तोडली गेली. नद्यांवरची सावली गेली, पाणी तापले आणि तेथला मूळचा ट्राउट हटला. १८८३ साली जर्मनीहून तपकिरी ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. तो मासा थोडे अधिक ऊबदार पाणी सोसतो, म्हणून टिकला. पुढे नदीच्या काठाने मोठा रस्ता काढण्याचे घाटले, तेव्हा त्यापायी नदीचे नुकसान होईल म्हणून ज्यांनी आवाज उठविला, त्यांत हॅरी आणि एल्सी डार्बी पुढे होते. नदीत जो कमरेइतका उभा राहिला आहे, त्यासच ती बिघडू लागल्याचे प्रथम कळते. आम्ही पुलावरून हात जोडून नदीत निर्माल्य टाकतो आणि पुढे जातो; पाण्याची उष्णता किती अंश वाढली, हे आमच्यांतल्या कोणास ठाऊक असते? अहिंसेचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां लोकांस हा प्रश्न बोचला पाहिजे.

आमच्या वाचकांपैकी जे हिमालयात प्रवासास जातात, त्यांस हा मासा आपल्याच देशात भेटेल. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांपासून १९०० साली तो काश्मीरात रुजला. तेथून १९०९ साली कुलूकडे गेला. हिमाचलातील तीर्थन नदीवर सरकारी परवाना घेऊन गळ टाकणारी माणसे आजही दिसतात. तेथे एखाद्या जोडप्याकडे लक्षपूर्वक पाहावे आणि मनाशी एकच प्रश्न करावा: काठी कोणाच्या हातात आहे, आणि डबा कोणाच्या?

कारण खरी गोम तेथेच आहे. आमच्याकडे 'आम्ही दोघे सहलीस गेलो होतो' असे म्हणतात, तेव्हा बहुधा पहाटे चारला उठून एकीने पुऱ्या तळलेल्या असतात, थर्मास भरलेला असतो, मुलांचे गरम कपडे आठवणीने घेतलेले असतात. आणि दुसऱ्याने गाडी हाकलेली असते व वाटेतील किल्ल्यांचा इतिहास सांगितलेला असतो. सहल दोघांची, सुटी एकाची. पुढे मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जातात, घर रिकामे होते, आणि तीस वर्षे एका छपराखाली काढलेल्या दोन सज्जन माणसांस, मुलांविषयीचे बोलणे संपल्यावर, एकमेकांशी बोलावयास विषय उरत नाही. अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. तेथे भांडण नसते, उणेही काही नसते; संध्याकाळ मात्र फार लांबते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच की, गळ नको असेल तर नको, पण नदी शोधावी. पक्ष्यांची ओळख असो, मोडी लिपी असो, गच्चीवरील बाग असो, तबला असो. जे दोघांपैकी कोणासही येत नाही, असे काही निवडावे आणि दोघांनी एकाच दिवशी आरंभ करावा. परवाना प्रत्येकाचा वेगळा, साहित्य प्रत्येकाचे वेगळे. त्या दिवसापुरता स्वयंपाक दोघांनी मिळून करावा, अगर दोघांनीही करू नये. दुसऱ्याच्या डोहात पाय घालू नये. काठावरून दिसले ते सांगावे, काठी ओढून घेऊ नये. आणि हे मुले लहान असतानाच सुरू करावे, कारण पुढे वेळ मिळतो, पण सवय मिळत नाही. महिन्यातून एक दिवस पुरे. त्या दिवशी हाती काही लागलेच पाहिजे, असा आग्रह मात्र धरू नये.